मुंबई–नागपूर विमानाला नक्की किती वेळ लागतो? (अंतर, वेळ आणि बाकीची कटकट)

डोंबिवली फास्ट
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण जिथे विचारावं तिथे वेगळं उत्तर मिळतंय म्हणून धागा काढतोय. मावसबहिणीचा साखरपुडा नागपूरला आहे, सकाळी ११ चा मुहूर्त, हॉल वर्धा रोडला. मी, बायको, आई आणि सात वर्षांची लेक असे चौघं जाणार. आईचे गुडघे दुखतात, रात्रभर अवघडून बसणं तिला झेपणार नाही, म्हणून विमानाचं बघतोय. तर गुगल म्हणतं अंतर ६८० च्या आसपास आणि वेळ तासभर, तिकिटाच्या एका साइटवर १ तास ३५ मिनिटं, त्याच दिवसाच्या दुसऱ्या विमानाला १ तास २५, आणि आमचा मेहुणा म्हणतो पाऊण तासात उतरवतात, चहा प्यायलापण वेळ मिळत नाही. यातलं खरं काय? आणि सकाळचं पहिलं विमान पकडून ११ ला हॉलवर पोचता येईल का? समृद्धीने सरळ गाडी काढावी असंही एक मत घरात आहे (माझंच).

सीट १८ एफ
मेहुणे सोडून सगळे बरोबर आहेत.

सांताक्रूझपासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत सरळ रेषेत साधारण ६८३ किमी, म्हणजे ३६९ नॉटिकल मैल. (विमानवाले नॉटिकल मैलात मोजतात, एक म्हणजे १.८५२ किमी. काही साइट्सवर ४२४ दिसेल, ते आपले साधे मैल, गोंधळू नका.) एअरबस ए३२० विमान पुरेशा उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं, म्हणजे नुसता भागाकार केला तर ५० मिनिटं होतात, मेहुण्यांचा पाऊण तास बहुतेक तिथूनच आलाय. पण तो वेग फक्त मधल्या टप्प्यात असतो हो. सुरुवातीची वीसेक मिनिटं चढण्यात जातात, शेवटची पंचवीस उतरण्यात, आणि मुंबईत वर्षातले बरेच दिवस विमान पश्चिमेला तोंड करून समुद्रावर उडतं, म्हणजे नागपूर पूर्वेला आणि आपण आधी अरबस्तानाच्या दिशेने, मग वळसा घालून परत मुंबईवरून. नागपूरलाही धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे, त्यामुळे सरळ नाकासमोर जाऊन टेकलं असं होत नाही, बाजूने येऊन रांगेत लागावं लागतं. चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंत १ तास ५ ते १ तास १५ मिनिटं धरा.

तिकिटावरचा वेळ हा वेगळाच प्रकार. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकाखालची ठोकळी काढून विमान मागे ढकलायला लागले की घड्याळ सुरू, आणि तिकडे स्टँडवर उभं राहिलं की बंद. मुंबईत गेटपासून धावपट्टीपर्यंत जायलाच १५-२० मिनिटं सहज जातात, पुढे सात-आठ विमानं उभी असली तर जास्त. ते सगळं त्या १.३५ मध्ये आलं.

ठेचा भाकर
+१. अन् भाऊ मेहुण्याले सांगा, चहा प्यायले टाइम नाही भेटत ते सीट शेवटची असते म्हणून. ट्रॉली येईलोक विमान बुट्टीबोरीवर येऊन राह्यते.

कल्याण लोकल
पण मग दोन विमानांत १० मिनिटांचा फरक का? अंतर तेच, विमान तेच, कंपनीपण तीच.

सीट १८ एफ
दिवसाच्या वेळेमुळे. पहाटे गर्दी कमी, संध्याकाळी मुंबई म्हणजे दादरचा पूल. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना मध्येच छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत. दिवसाला साडेनऊशेच्या आसपास विमानं व्यवहारात एकाच पट्टीवर चालतात. जगात एवढ्या विमानांना एकच पट्टी वापरणारी ठिकाणं फार नाहीत. त्यामुळे कंपन्या वेळापत्रक करतानाच गर्दीच्या वेळेला १०-१५ मिनिटं जास्तीची टाकून ठेवतात. शिवाय ठरलेल्या वेळेपेक्षा १५ मिनिटांच्या आत पोचलं तर विमान 'वेळेवर' धरतात, त्यामुळे थोडी ढील देणं कंपनीच्या फायद्याचंच असतं.

कल्याण लोकल
वा, म्हणजे उशीर आधीच पोटात घालून वेळ छापायचा आणि मग माइकवरून 'आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आहोत' म्हणून आपल्यालाच ऐकवायचं. रेल्वेने दिवा स्टेशनच्या पुढे हेच केलं की आपण शिव्या घालतो.

रेल्वेवेडी
रेल्वेला मध्ये आणू नका 😀 पण करते मात्र अगदी तेच, शेवटच्या दोन स्टेशनांमधला वेळ बघा कोणत्याही लांबच्या गाडीचा. धागाकर्त्यांना विचारते, दुरांतोचा विचार का नाही केला? सीएसएमटीहून रात्री सव्वाआठच्या सुमारास निघते, सकाळी सात-साडेसातला नागपूर. रेल्वेने अंतर ८३७ किमी. कसारा, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. 'अवघडून बसणं' कुठे आलं, आईंना खालचा बर्थ, आडवं पडून जातील. साडेसातला उतरून आंघोळ-बिंघोळ करून ११ ला आरामात हॉलवर. हा रूळ १८६७ पासून नागपूरला पोचलाय, दीडशे वर्षं लोक रात्री झोपून सकाळी नागपूरला उतरतायत, त्यांचं काही बिघडलं नाही.

डोंबिवली फास्ट
रेल्वेवेडी ताई, पहिलं तेच बघितलं. वेटिंग ८० च्या पुढे आहे आणि तारीख नेमकी हिवाळी अधिवेशनातली.

ठेचा भाकर
अरे बाप. अधिवेशनात तं नागपूरची हवाच बदलते. हॉटेल भेटत नाही, टॅक्सी भेटत नाही, अन् विमानात अर्धे आमदार, अर्धे त्यांचे पीए. सोमवारी सकाळी मुंबई-नागपूर अन् शुक्रवारी संध्याकाळी नागपूर-मुंबई, या दोन फ्लाइटींच्या तं नादालेच लागू नका, तिकिटाचा रेट पाहून चक्कर येते. मधल्या वारचं पाहा.

गाडीवाला
समृद्धीचं मत ज्यांनी दिलं त्यांना माझा पाठिंबा. भिवंडीजवळच्या आमनेपासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत ७०१ किमी, जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमने हा शेवटचा तुकडा सुरू झाल्यापासून सलग रस्ता आहे. म्हणजे बघा, रेल्वेने ८३७, रस्त्याने ७०१, हवेतून ६८३. जवळजवळ सरळच रेघ मारलीय. पूर्वी १५-१६ तास लागायचे, आता ८ तासांत. कसारा घाट नाही, इगतपुरीचा जवळपास ८ किमीचा बोगदा आहे त्यातून पार. चौघांचं विमानाचं भाडं आणि गाडीचं पेट्रोल अधिक चौदाशेच्या वर टोल, हिशोब करा. पहाटे ४ ला निघालात तर दुपारी जेवायला नागपूर.

सीट १८ एफ
८ तास हे आमने ते शिवमडका, थांबा न घेता. डोंबिवलीहून आमनेपर्यंत दुर्गाडी पूल आणि कोन गाव आहे ते विसरू नका, तिथे कधी वीस मिनिटं तर कधी सव्वा तास. शिवाय गुडघे दुखणारी आई आणि सात वर्षांची मुलगी, दर दोन तासांनी थांबावंच लागणार. १० तास धरा. आणि एकट्याने ७०० किमी चालवू नका, तो रस्ता इतका सरळ आणि एकसुरी आहे की डोळे उघडे ठेवून डुलकी लागते. टायरमधली हवा आणि टायरचं वय दोन्ही बघून घ्या, तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० ने सलग चालवणं म्हणजे टायरची परीक्षा असते.

गाडीवाला
टायरचं मान्य. बाकी विमानवाले आम्हाला कायम घाबरवतात.

रिटायर्ड काका
चर्चा छान चालली आहे. मुंबई-नागपूर विमानाचा विषय निघाला म्हणून थोडं जुनं सांगतो, तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल. जानेवारी १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र होतं नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून रात्री चार विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर चौघीही नागपूरला भेटायच्या, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जी ती आपापल्या गावी परत, पहाटे टपाल हजर. सोबत थोडे प्रवासीही असत. नागपूर देशाच्या मध्यावर म्हणून चौघींनाही प्रवास अडीच ते साडेतीन तासांच्या घरातला. डाकोटा विमान, ताशी २७०-३०० किमी, म्हणजे मुंबईहून अडीच तास. आमचे मामा तेव्हा नागपूरला टपाल खात्यात होते. ते सांगत की रात्री एक वाजता सोनेगावला दिवसासारखी लगबग असे, थैल्यांवर शिक्के बघून बघून डोळे चुरचुरत, आणि चारातलं एक जरी विमान उशिरा आलं तरी बाकीची तिन्ही खोळंबत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

म्हणजे अडीच तासांचा सव्वा तास झाला तो जेट विमानांनी. त्यानंतर इतक्या वर्षांत वेळ एका मिनिटाने कमी झालेला नाही, उलट गर्दीमुळे वाढलाच आहे.

ठेचा भाकर
काका एक नंबर. आमच्या इथं शाळेत झिरो माइलचा दगड दाखवतेत पण हे कोणी सांगत नाही.

बे एरिया निवासी
काकांचा प्रतिसाद वाचनीय. अंतर आणि वेळ यांचा संबंध किती सैल असतो याचं आमच्याकडचं एक उदाहरण देतो. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी, साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि वेळ साडेचौदा तास! दोन तास कमी. कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, तो पाठीमागून मिळतो. वारा विरुद्ध असला की विमानाचा जमिनीवरचा वेग घटतो, पाठीशी असला की फुकटात वाढतो, एवढंच गणित.

डोंबिवली फास्ट
भारी! मग आमच्या मुंबई-नागपूरलापण हा वारा लागतो का? येताना-जाताना फरक पडेल?

सीट १८ एफ
पडतो, आणि तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणजे दिसेलही. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर ३०-३५ हजार फुटांवर पश्चिमेकडून जोरदार वारे असतात. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. इतक्या कमी अंतरात पाच ते दहा मिनिटांचा फरक, फार नाही. पावसाळ्यात गंमत उलटी होते, वरचे वारे पूर्वेकडून वाहायला लागतात. त्या वाऱ्याचा जो मुख्य झोत आहे तो दक्षिण भारतावर असतो आणि तो पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात शोधून मांडला, पुढे ते हवामान खात्याचे प्रमुखही झाले. तर जुलैमध्ये नागपूरहून मुंबईकडे येताना वारा साथ देतो, पण त्याचा काही उपयोग होत नाही कारण तेव्हा मुंबईवर पाऊस असतो आणि विमान वाचवलेली पाच मिनिटं आकाशात घिरट्या घालण्यात घालवतं.

घिरट्या म्हणजे होल्डिंग. लांबुळक्या आकाराची फेरी असते, एक फेरी साधारण चार मिनिटांची. खिडकीतून ओळखायचं असेल तर सोपं आहे, पंखाची सावली आणि ऊन सीटवरून सरकून पलीकडे जातं, मग परत येतं, खाली मगाशी दिसलेलं धरण पुन्हा दिसतं. तीनदा तेच धरण दिसलं की दोन फेऱ्या झाल्या, म्हणजे आठ मिनिटं गेली असं समजा.

अनुस्वार
अवांतर: वेळेचाच विषय आहे तर, नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य नागपुरात जवळजवळ २५ मिनिटं आधी मध्यान्हीवर येतो. घड्याळ एकच असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ते १९५५ पर्यंत वापरात होतं. म्हणजे काकांच्या टपाल विमानाच्या काळात मुंबईची घड्याळं कोणत्या वेळेवर बघायची हाही प्रश्नच असणार.

कल्याण लोकल
हे दुबईला जाताना होतं. मित्राने तिकीट पाठवलं, सकाळी १० ला निघणार साडेअकराला पोचणार, मी म्हटलं दुबई काय पनवेलला आहे का. मग कळलं त्यांचं घड्याळ दीड तास मागे.

ठेचा भाकर
मे महिन्यात येणाऱ्यांसाठी बी लिहून ठेवतो. आमच्या इथं ४५-४६ डिग्री म्हणजे नॉर्मल. तेवढ्या गरमीत हवा पातळ होते, इंजिनाले जोर कमी भेटते, पंखाले उचल कमी भेटते, विमान धावपट्टीवर जास्त पळते. अन् दुपारी दोन-तीनला उतरताना जे हेलकावे देते ना, बाजूच्या काकू हनुमान चालिसा म्हणून राह्यल्या होत्या. सकाळची नाही तं रात्रीची फ्लाइट घ्या बावा. डिसेंबरात हे झंझट नाही. डिसेंबरात एकच, दिल्लीचं धुकं.

डोंबिवली फास्ट
आपण मुंबईहून नागपूरला जातोय, दिल्लीचा काय संबंध?

ठेचा भाकर
तेच विमान सकाळी दिल्लीहून मुंबईले आलं असते ना भाऊ. ते तिकडं अडकलं की तुमची फ्लाइट गेली.

सीट १८ एफ
बरोबर. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं, सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. म्हणून उशिराचा धोका सगळ्यात कमी पहाटेच्या पहिल्या विमानाला, कारण ते रात्रीच येऊन मुक्कामाला असतं. पण धागाकर्त्यांनी पहाटेचं घ्यावं असं मला वाटत नाही. हिशोब मांडतो.

समजा विमान सकाळी ६ चं. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, सामान द्यायचं काउंटर तासभर आधी. म्हणजे सव्वाचारला विमानतळावर. डोंबिवलीहून त्या वेळेला रस्ता मोकळा असला तरी सव्वा तास, म्हणजे तीनला घर सोडायचं, दोनला उठायचं, म्हणजे आई झोपणारच नाहीत. साडेसात-पावणेआठला नागपूर, सामान येईपर्यंत सव्वाआठ. वर्धा रोडवरचा हॉल विमानतळापासून जवळच पडेल. ११ चा मुहूर्त अगदी सहज गाठता येतो, प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की विमान रद्द झालं तर पुढचं मिळून ११ च्या आत पोचणं अशक्य. कार्याला निघताना आदल्या दिवशी दुपारचं विमान घ्यावं, संध्याकाळी नागपूर, रात्री नीट झोप.

आणि हो, घरापासून हॉलपर्यंत एकूण सहा-साडेसहा तास धरा, त्यात हवेतले ७० मिनिटं. त्या ७० ची काळजी करू नका. वेळ वाचतो किंवा जातो तो शिळफाट्याला.

रेल्वेवेडी
शिळफाटा 🙏 सहमत. पण मग नवी मुंबईचं विमानतळ का नाही बघत? २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुटतायत. मी रेल्वेवाली असून सुचवतेय बघा.

सीट १८ एफ
चांगला मुद्दा. नागपूरला तिथूनही आहे, वेळा जमतात का बघा. हवेतलं अंतर सांताक्रूझपेक्षा पंधरा-सोळा किमीने कमी, त्याला अर्थ नाही. फायदा डोंबिवलीकरांना रस्त्याचा आहे, ईस्टर्न एक्स्प्रेसवर जायलाच नको, शिळफाट्यावरून तळोजा-पनवेलकडे. शिळफाटा मात्र तिथेही सुटत नाही. तिकीट काढताना विमानतळाचं नाव डोळे फाडून वाचा. जुन्या मुंबईत तर टी१ का टी२ हेही बघावं लागतं, देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात, आणि आईंसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच टाका. व्हीलचेअर घेतली की सिक्युरिटीची लांब रांगही बहुधा वाचते.

बे एरिया निवासी
लेकीला उजवीकडची खिडकी द्या. आकाश स्वच्छ असेल तर निम्म्या वाटेच्या पुढे लोणारचं सरोवर दिसायला हवं, सरळ मार्गापासून दक्षिणेला तीसेक किमीवरच आहे. गोल असतं त्यामुळे ओळखू येतं.

डोंबिवली फास्ट
सगळ्यांचे आभार मंडळी. घरात बैठक झाली. आदल्या दिवशी दुपारचं, नवी मुंबईहून, मिळालं. मधल्या वाराचं असल्यामुळे भाडंपण रडवण्याइतकं नाही. आईसाठी व्हीलचेअर टाकली, ती म्हणते मी काय म्हातारी आहे का, पण टाकली. गाडीवाले, परतीचं वेटिंग बघून मग समृद्धीचं ठरवू, मेहुण्याची गाडी नागपूरहून येणारच आहे, दोघं आलटून पालटून चालवू. शेवटचा प्रश्न: ओटीचं सामान, पाच नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, आणि आईने केलेलं लिंबाचं लोणचं. केबिनमध्ये की खाली?

सीट १८ एफ
लोणचं केबिनमध्ये नको, सिक्युरिटीला काढून घेतात. डबा नीट टेप लावून, दोन पिशव्यांत घालून खालच्या सामानात. सुकं खोबरं कुठेच नको. त्यात तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, लोकांना हे माहीत नसतं आणि काउंटरवर वाद घालत बसतात. नारळाचंही कंपनीला विचारून घ्या, बऱ्याच जणी नाही म्हणतात.

ठेचा भाकर
नारळ-खोबरं कायले वाहून आणता भाऊ, आमच्या इतवारीत काय कमी हाये का. आदल्या दिवशी संध्याकाळी येऊनच राह्यले ना, सामान हॉटेलात टाका अन् इतवारीत चक्कर मारा, ओटीचं सगळं एका दुकानात भेटते. लोणचं तेवढं आणा, अन् एक बरणी जास्तीची.